मागच्या सीटची पारख

आमच्या धाकट्या भावोजींना पहिल्या फटक्यात पसंत पडेल अशी वस्तू परमेश्वराने अजून घडवलेली नाही, आणि उद्या घडवलीच तर ते ती आधी तपासणीला ठेवून घेतील याची मला खात्री आहे. धाकटे भावोजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे पाठचे भाऊ. विक्रोळीच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायच्या कामावर ते मिसरूड फुटल्यापासून आहेत. नट असो, बोल्ट असो, वायसर असो, तो हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, नखाने खरवडायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. बाकीची माणसं कचेरीतलं काम फायलींतून घरी आणतात. भावोजी ते नखातून आणत. घरात आलेलं कलिंगड, चादर, उदबत्तीचा पुडा, माझ्या माहेरची शेंगदाण्याची चटणी, काहीही त्यातून सुटलं नाही. एकदा छत्री घ्यायला गेले, तर चारकोपच्या दुकानात छत्री उघडून उभे राहिले आणि दुकानदाराला म्हणाले, वरून बादलीभर पाणी ओता. दुकानदाराने नम्रपणे नकार दिला. पुढे अशीच पाच-सहा दुकानं पालथी घालून त्यांनी छत्री आणली खरी, पण तोवर आम्ही आकाशकंदील लावत होतो.

लग्नाचंही हेच झालं. मी या घरात नवी आले तेव्हा भावोजींसाठी मुली बघणं जोरात चालू होतं. कांदेपोहे खाऊन परत आलं की सासूबाई विचारायच्या, आणि भावोजी म्हणायचे, 'विचार करतो.' हा विचार इतका सखोल असे की एका मुलीच्या घरी होकार कळवायला आमचे हे गेले, तर त्यांनी आत बोलावून तिच्या मुलाच्या बारशाचे पेढे हातावर ठेवले. हळूहळू स्थळं यायची थांबली. सासूबाई गेल्या. भावोजींच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, आणि घरात आम्ही तिघंच उरलो.

मी घाटावरची. लग्नाआधी मासा म्हणजे पाण्यात पोहतो तो, एवढंच माझं ज्ञान. भावोजींनी मला मासे शिकवले. म्हणजे मी रांधायचं, त्यांनी पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि शांतपणे 'रिजेक्ट' म्हणायचं. मग काय चुकलं ते सांगायचं: तिरफळं जास्त झाली, आमसूल उशिरा पडलं, कढ फार आला. आणि एवढं सांगून झाल्यावर ताटातलं सगळं निमूट संपवायचं, हेही मी सांगायला हवं. कितीतरी महिन्यांनी एका रविवारी बांगड्याचं तिखलं खाताना ते डोळे मिटून जरा जास्तच वेळ बसले आणि म्हणाले, 'वयनी, पास.' सासरी मला मिळालेला दागिना कुठला, असं कुणी विचारलं तर मी तो शब्द सांगते.

मासे आणायचा हक्क मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. पिशव्या धरायला मी बरोबर. रविवारी बाजारात भावोजी शिरले की कोळणी एकमेकींना डोळ्यांनी खुणावत. भावोजी मासा उचलणार, कल्ला वर करून आतला रंग बघणार, पोटावर अंगठा दाबणार, वास घेणार, परत ठेवणार, आणि असं करत अख्खा बाजार तपासून झाला की शेवटी कायम एकाच ठिकाणी येऊन थांबणार. ती मनोरीची. पहाटे मनोरीहून बोटीने खाडी ओलांडून मार्व्याला यायची, तिथून माशांच्या टेम्पोतून आमच्या बाजारात. चाळिशी ओलांडलेली, उंचनिंच, लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेलेला, तेव्हापासून एकटीने धंदा सांभाळणारी. अंबाड्यावर रोज अबोलीची वेणी. सगळ्या बाजारात भावोजींची तपासणी आटोक्यात आणणारी बाई हीच. ती त्यांना 'मालवणी' म्हणायची. भावोजींनी तिच्या पाटीतला तिसरा मासा उचलला की ती कोयता फळीवर आपटून म्हणायची, 'मालवणी, मासा घ्यायचाय का त्याच्याशी सोयरीक करायचीय?' आणि आश्चर्य म्हणजे भावोजी तो मासा घ्यायचे. कल्लाही बघायचे नाहीत. हे मी पुष्कळ आधी टिपलं होतं, पण बोलले नव्हते. दिराची थट्टा करायचा वहिनीला हक्क असतो, तो योग्य वेळी वापरावा.

मग एका रविवारी दुपारी ते घडलं. आम्ही पिशव्या घेऊन कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत होतो. मनोरीवालीचा माल संपला होता, आणि रिकामी पाटी घेऊन तीही मार्व्याला जायला उभी होती. एक रिक्षा थांबली, चालकाने पाटीकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि पुढे जाऊन आम्हाला विचारलं, कुठे जायचंय. दुसऱ्याने तेच केलं. तिसरा तर थांबलाही नाही. ती भांडली नाही. रोजचंच असावं. पाटी डोक्यावर घेऊन ती बसस्टॉपच्या दिशेने भर उन्हात चालू लागली. भावोजी तिच्याकडे बघत उभे राहिले. आमच्यासाठी थांबलेल्या रिक्षात त्यांनी पाऊल टाकलं नाही. 'चालत जाऊ,' म्हणाले. त्या दिवशी जेवताना त्यांनी तिखल्याला ना पास म्हटलं ना रिजेक्ट. हात धुऊन आले आणि म्हणाले, 'वयनी, माका मोटरसायकल घेवची हा.'

भावोजी मनातलं बोलताना मालवणीत बोलतात. एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी. म्हणून मी ओळखलं की हे प्रकरण खोल आहे. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, 'तुला सायकल तरी येते का रे?' येत नव्हती. लहानपणी गावी एकदा सायकल शिकायला निघाले होते, पण कुठली सायकल शिकायला चांगली हे ठरेपर्यंत मे महिना संपला आणि ते मुंबईला परत आले. 'मग पाय टेकतील अशी छोटी गाडी घे,' एवढं बोलून हे परत पेपरात गेले. या एका वाक्यात नवशिक्याने पहिली गाडी कशी निवडावी याचं सगळं शास्त्र आलं होतं. भावोजींनी तेच शास्त्र मिळवायला पुढे अर्धं वर्ष खर्ची घातलं.

कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी सांगितलं, पहिली गाडी हलकी हवी, कारण नवशिका पाडणारच. खालच्या मजल्यावरच्या जोश्यांनी सांगितलं, जुनी घ्या, म्हणजे पाडताना जिवाला लागत नाही. मोबाइलवर गाड्यांचे गुणदोष सांगणारी जी तरुण मुलं असतात, त्यांना तर भावोजी रोज जेवताना ऐकत. सगळ्यांचं म्हणणं एकच: कमी ताकदीची, बुटकी, दोन्ही पाय सपाट टेकतील अशी. भावोजी हे सगळं मान डोलावून ऐकायचे आणि शोरूममध्ये जाऊन पहिला प्रश्न विचारायचे, 'मागची सीट कशी आहे?'

बोरिवलीपासून अंधेरीपर्यंत एकही शोरूम त्यांनी सोडलं नसेल. सोबत मी, आणि माझ्या पिशवीत माझी पोळ्यांची कणीक मळायची परात. सेल्समन मोठ्या अदबीने म्हणे, बसा ना सर. भावोजी गाडीला प्रदक्षिणा घालत, टायर अंगठ्याने दाबून बघत, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेत. अगदी कल्ला उघडावा तसं इंजिनाच्या बाजूचं काहीतरी उचकटायला गेले तेव्हा मी हात धरला. मग ते गाडीवर बसत, पण मागे. मला खूण करत. मी परात काढून देई. ती मांडीवर घेऊन ते सेल्समनला म्हणत, 'आता तुम्ही पुढे बसा आणि एक चक्कर मारा. एक-दोन खड्ड्यांतून घ्या.' बिचारा पोरगा टाय सावरत परातवाल्या गृहस्थांना घेऊन रस्त्यावर जाई. मी दाराशी उभी राहून काही न घडल्याचा चेहरा करत असे.

एक गाडी फार देखणी होती, शर्यतीतल्यासारखी, मागची सीट उंच आणि पुढे उतरती. तिच्यावरून उतरताच भावोजी गंभीर झाले. 'ब्रेक मारला की मागचं माणूस पुढच्याच्या अंगावर येतं. हे शोभत नाही. रिजेक्ट.' दुसरीला मागे धरायला दांडी नव्हती: रिजेक्ट. तिसरीचं साडी गार्ड, म्हणजे साडीचा पदर मागच्या चाकात जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी, त्यांना लहान वाटलं: रिजेक्ट. एका मुलीने सुचवलं, काका, स्कूटर घ्या, गिअरची भानगड नाही. भावोजी म्हणाले, 'मार्वे रोडच्या खड्ड्यांत स्कूटरचं चाक अख्खं आत जाईल.' चारकोपहून विक्रोळीला जाताना मार्वे रोड कुठे लागतो, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मनोरीवाली बाजारात बारा महिने पंजाबी ड्रेसमध्ये असते, साडी गार्डचा तिला काडीचाही उपयोग नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण वर्षानुवर्षं दर रविवारी तिच्यासमोर उभं राहूनही या माणसाची नजर पापलेटावर नाहीतर तिच्या चेहऱ्यावरच असायची, इकडे तिकडे कुठे गेलीच नव्हती, हे त्यातून कळत होतं. मला ते इतकं आवडलं की मी गप्प बसले.

हेल्मेटं आधी आली, गाडी नंतर. भावोजींनी स्वतःचं हेल्मेट एका दुकानात घेतलं, आणि मग मला म्हणाले, 'वहिनी, तू जरा अंबाडा घाल.' मी म्हटलं, भावोजी, मी आयुष्यात अंबाडा घातला नाही, माझे केस बोटभर. तर त्यांनी खिशातून लोकरीचा एक गुंडा काढला. तो डोक्यामागे क्लिपने लावून, मालाडच्या भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, मी एकामागून एक हेल्मेटं चढवली. काहींत गुंडा बसेना, काहींत बसून कान दुमडत. शेवटी एक बसलं. निळं. भावोजींनी बाहेरून डोक्यावर टिचकी मारून विचारलं, 'आत ऐकू येतं का?' मी म्हटलं, 'भावोजी, हे कुणासाठी आहे ते सांगा, म्हणजे तिलाच ऐकू येईल.' ते लाल झाले आणि बिल करायला निघून गेले. मीही पुढे छेडलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस लाजतो तेव्हा त्याला जरा वेळ द्यावा लागतो.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक लहान, हलकी, भावोजींचे दोन्ही पाय टेकतील अशी. दुसरी धिप्पाड. तिची मागची सीट जेवायच्या पाटासारखी रुंद आणि सपाट, धरायला भक्कम दांडी, परात मांडीवर ठेवून कितीही खड्डे आले तरी परातीतली लिंबं जागची हलत नव्हती. हो, परीक्षा शेवटच्या फेरीत आली तेव्हा परातीत लिंबंही होती. पण या दुसरीवर पुढे बसलं की भावोजींचे पाय दोन्ही बाजूंना लोंबत. उंची बेताची, त्याला कोण काय करणार. अक्कल सांगत होती पहिली घे, जीव दुसरीत अडकला होता. भावोजी खंगले. मासेसुद्धा नीट निवडेनात. आणि मग त्यांनी ते केलं जे कोकणातला माणूस अक्कल आणि जीव यांचं पटेनासं झालं की करतो. त्यांनी गावी फोन लावला आणि देवाला कौल लावायला सांगितलं.

मला घाटावरचीला हा प्रकार नवा होता. देवळातल्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आता गंमत अशी की कौल एकाच प्रश्नाला लावतात. भावोजींनी विचारायला हवं होतं की लहान गाडी घेऊ का. पण गावच्या चुलतभावाला फोनवर सांगताना तोंडातून मोठीचंच नाव गेलं. दुसऱ्या दिवशी त्या भावाचा फोन आला, 'देवान उजवो कौल दिल्यान हा. आता मागे सरूचा नाय.' आमचे हे म्हणाले, 'अरे, तुझे पाय टेकत नाहीत हे देवाला सांगितलंस का?' भावोजी म्हणाले, देवाला काय सांगायचं, देवाला ठाऊक असतं. पण त्यांचा चेहरा पडला होता. उजवा कौल मोडायची त्यांच्यात हिंमत नव्हती आणि ती गाडी चालवायचीही.

गाडी घरी आणली ती शोरूमच्या माणसाने चालवत. भावोजी मागे बसून आले. खाली नारळ फोडायचा होता आणि गाऱ्हाणं घालायचं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे आपलं मागणं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागणीला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घरातले थोरले म्हणून आमच्या ह्यांनी सुरुवात केली. 'बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान नवी गाडी घेतल्यान हा, ती सुखरूप चालव रे म्हाराजा.' मी आणि आमचा बिहारचा वॉचमन म्हणालो, 'व्हय म्हाराजा.' वॉचमनला आमच्याकडच्या सत्यनारायणाला हे पाठ झालेलं. ह्यांचं संपतंय तोच भावोजींनी हात जोडून, डोळे मिटून आपलं एक कलम घुसवलं. 'आणि मागे जा कोण बसात, तेचो पदर चाकात जाव नये, तेका खड्डो लागू नये, तेका उन्हात चलाक लागू नये, रे म्हाराजा.' आमचे हे नारळ हातात धरून थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हटलं आणि त्यांना डोळ्यांनी सांगितलं, वर चला, सांगते.

त्यानंतरचे महिने आमच्या इमारतीला अविस्मरणीय गेले. गाडी पार्किंगमध्ये डबल स्टँडवर उभी. भावोजी संध्याकाळी कामावरून आले की हेल्मेट घालून तिच्यावर बसत आणि तासभर जागच्या जागी चालवत. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, उजवीकडचा दिवा लावून उजवीकडे वळल्यासारखं करायचं. मध्येच आरशात बघून मागची रिकामी सीट जागेवर आहे ना याची खात्री करायची. जाणारे-येणारे विचारत, कुठवर आलात? भावोजी प्रामाणिकपणे सांगत, 'लिंक रोडला.' मग त्यांनी चांभाराकडून बुटांना तळ लावून घेतले, एकावर एक. ते बूट घालून ते घरात शिरले तेव्हा दाराची चौकट प्रथमच त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आली. पायांचे चवडे मात्र जमिनीला जेमतेम लागू लागले.

मोटार ट्रेनिंगवाल्याकडे शिकून, परीक्षा देऊन ते रस्त्यावर आले. आणि मला कबूल केलं पाहिजे, चालती गाडी ते फार सुरेख चालवत. अडचण थांबायची होती. थांबलं की पाय टेकायचा, आणि पाय टेकायचा तर जमीन जवळ हवी. यावर त्यांनी तोड काढली. ते फक्त फुटपाथाच्या कडेला थांबत. डावा पाय फुटपाथावर ठेवायचा, झालं. त्यासाठी त्यांनी चारकोपातला एकूण एक फुटपाथ तपासला. कुठला उंच, कुठला खचलेला, कुठे फरशी हलते, सगळं तोंडपाठ. सिग्नल लागायच्या आधीच ते गाडी डावीकडे घेत. जिथे फुटपाथ रिजेक्ट झालेला असे, तो रस्ता ते घेतच नसत, मग भले घरासमोरचं दुकान गाठायला अख्ख्या सेक्टरला वळसा पडो.

शेवटी तो रविवार ठरला. भावोजींनी मला सांगितलं नाही, पण सकाळी त्यांनी शर्टाला इस्त्री केली, आणि निळं हेल्मेट फडक्याने पुसून दांडीला अडकवलं. मला म्हणाले, आज मासे दुपारी आणतो, माल संपायच्या वेळी. माल संपायच्या वेळी मासे कोण घेतं? मी म्हटलं, बरं. आणि भाजीचं निमित्त काढून त्यांच्या आधी बाजारात जाऊन मनोरीवालीच्या समोरच्या कांदेवाल्याकडे उभी राहिले. त्या दिवशी मी तासभर कांदे निवडले. इतक्या वर्षांत या माणसाने कुणापुढे काही मागितलं नव्हतं. आज त्याला तिने हसून उडवून लावलं असतं, तर तो पुन्हा कधी विचारणार नाही, हे मला माहीत होतं.

मनोरीवालीच्या जागेसमोर चांगला उंच फुटपाथ होता, तपासलेला, पास झालेला. तिथे थांबायचं, हेल्मेट काढायचं आणि 'चला, मार्व्याला सोडतो' म्हणायचं, असा बेत असणार. पण मुंबईचा फुटपाथ म्हणजे काय देवाचा पाषाण आहे? त्याच आठवड्यात पाण्याच्या नळासाठी तो खणून ठेवला होता. भावोजी आले. ऐटीत आले. गाडी डावीकडे घेतली, वेग कमी केला, आणि नजर मनोरीवालीवर ठेवून, पूर्ण विश्वासाने डावा पाय बाहेर काढून फुटपाथावर ठेवला. फुटपाथ तिथे नव्हता. गाडी आणि भावोजी दोघं सावकाश, कुठलीही घाई न करता, मातीच्या ढिगावर आडवे झाले. दांडीचं निळं हेल्मेट सुटलं, घरंगळत गेलं आणि मनोरीवालीच्या पाटीला लागून थांबलं.

मी धावले, पण ती आधी पोचली. तिने एका हाताने भावोजींना उठवलं. मग कमरेत वाकून, दोन्ही हात लावून, ती धिप्पाड गाडी बर्फाची पेटी उचलावी तशी उभी केली आणि स्टँडला लावली. भावोजींच्या इस्त्रीच्या शर्टाला माती, कोपर खरचटलेलं, बुटाचा एक तळ निघून पडलेला. तिने तो तळ पाहिला, गाडी पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं.

'एवरी मोठी गारी कोनासाठी घेतलीस रं, मालवणी? पाय त पोचत नाय तुझं.'

भावोजी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर आधी उजेडाकडे धरून बघतात. त्या दिवशी बघितलं नाही. खाली मान घालून म्हणाले, 'तुमच्यासाठी. रिक्षावाले पाटी बघून थांबत नाहीत ना. म्हटलं, मार्व्यापर्यंत सोडावं रोज.'

मी हातातला कांदा कांदेवाल्याच्या ढिगात परत ठेवायला विसरले. मग तिने खाली पडलेलं हेल्मेट उचललं, आत हात घालून बघितलं, आणि डोक्यावर चढवलं. तिचा चेहरा बदललेला मला दिसला. 'आंबारा बसला यात,' ती म्हणाली. जणू आजवर कुणी तिच्या अंबाड्याचा विचार केलाच नव्हता. तिने कोयता फडक्यात गुंडाळला, फळी धुतली, उरलेली दोन पापलेटं शेजारणीला दिली, आणि पाटी भावोजींच्या हातात ठेवून म्हणाली, 'चावी दे. बस मागं.'

भावाच्या मोटरसायकलवरून मनोरीच्या वाळूत ती मुलगी असल्यापासून मासे वाहत होती, हे आम्हाला नंतर कळलं. लायसन्सही होतं. तिचे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले. भावोजी मागे बसले, पाटी मांडीवर घेतली, दांडी धरली. त्यांचे पाय मागच्या पायदानांवर अगदी बरोबर बसले. मार्व्याकडे जाणारी ती गाडी बघताना मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. बोरिवली ते अंधेरी प्रत्येक मागच्या सीटवर बसून, परात मांडीवर घेऊन, या माणसाने जी सीट निवडली होती, ती शेवटी त्याच्याच वाट्याला आली होती. घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'बरोबर आहे. देवाला विचारलं होतं गाडी घेऊ का. चालवणार कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं.'

पुढे ती आमच्याकडे जेवायला आली. मासे तिनेच आणले, रांधले मी. सासूबाई असत्या तर कोळीण म्हणून दोन दिवस कुरकुरल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडून सुरमई घासाघीस करून घेतली असती. आता घरात थोरली मीच. जेवण झालं, ती हात धुवायला आत गेली. भावोजी ताटावर तसेच बसून राहिले, बोटाने ताटाची कड पुसत, आणि मग वर माझ्याकडे पाहिलं. 'वयनी?' एवढंच म्हणाले. मला सगळे रविवार आठवले, कढ फार आलेला, आमसूल उशिरा पडलेलं. मनात आलं, डोळे मिटून जरा वेळ बसावं, यांनाही कळू दे. पण नाही जमलं मला. मी लगेच म्हटलं, 'पास.'

लग्न झाल्यापासून भावोजी मनोरीला राहतात. सकाळी गाडी बोटीत घालून दोघं खाडी पार करतात. ती त्यांना विक्रोळीच्या बसला सोडते आणि बाजारात येते. महिन्यातून एका रविवारी ती दोघं आमच्याकडे जेवायला येतात, आणि संध्याकाळच्या बोटीसाठी लवकर निघतात. पार्किंगमध्ये गाडी उभी असायची तिथे तेलाचा डाग अजून आहे. वॉचमन तो धुतो म्हणाला तर मी नको म्हटलं. बाकीच्या रविवारी मासे मीच घेते, मनोरीवालीकडूनच. ती कल्ले बघू देत नाही. घरी आल्यावर रांधते, आम्ही दोघं जेवतो. आमचे हे चांगलं झालंय म्हणतात. पण पहिला घास घेऊन डोळे मिटून बसणारं कुणी नाही, आणि मला त्यांची आठवण येते. फार येते.

मागच्या वेळी ती दोघं जेवून निघाली तेव्हा मी खिडकीत उभी होते. गाडी ती चालवते, तिला रस्त्यावरून नजर हलवता येत नाही. मागे बसलेल्या माणसाला येते. भावोजी एका हाताने पाटी सांभाळत, पूर्ण मागे वळून, कोपरा येईपर्यंत मला हात करत राहिले.